हत्यार कोणाच्या नावावर? मावळातील शस्त्रमालकीचा इतिहास

शिवकालीन मावळात हत्यारे दोन ठिकाणी असत, घरात आणि गडावर. घरातले हत्यार माणसाचे. तलवार, ढाल, भाला आणि ऐपत असेल तर तोड्याची बंदूक घेऊनच मावळा नोकरीला हजर होई. मावळे आणि हेटकरी स्वतःची शस्त्रे आणत, सरकारातून त्यांना फक्त दारूगोळा मिळे, अशी नोंद मराठ्यांचा इतिहास लिहिणाऱ्या ग्रँट डफने केली आहे. बंदूक शिपायाची आणि दारू सरकारची, या वाटणीत सरकारचा धाक पुरेसा राखला जाई. दारू हाती नसली की बंदूक म्हणजे नुसती लोखंडी नळी.

आजच्या मावळ तालुक्यात बारा मावळांपैकी अंदर मावळ, नाणे मावळ आणि पवन मावळ ही खोरी येतात. तालुक्याचे ठाणे वडगाव. लोहगड, विसापूर, तुंग, तिकोना आणि राजमाची हे गड याच खोऱ्यांवर आणि कोकणात उतरणाऱ्या घाटवाटांवर नजर ठेवून आहेत. कोरीगड थोडा दक्षिणेला, मुळशी तालुक्यात पडतो. या मुलखात खंडेनवमीला घरातली तलवार, कोयता, कुऱ्हाड, नांगराचा फाळ एकाच पाटावर मांडून हळदकुंकू वाहण्याची चाल होती. हत्यार आणि अवजार यांत पूजेपुरता भेद नव्हता. तो पुढे कायद्याने केला.

गडावरचे हत्यार कोणा एकाचे नसे. सभासदाच्या बखरीत गडाचा कारभार हवालदार, सबनीस आणि सरनौबत या तिघांत वाटलेला दिसतो. जमाखर्च आणि कोठारे पाहायला कारखानीस निराळा. हे अधिकारी वेगवेगळ्या जातींचे असावेत अशीही योजना होती, म्हणजे एकाने फितूर होऊन गड परस्पर देऊन टाकायचे म्हटले तरी ते साधू नये. तोफा, बाण, दारू हे सगळे गडाच्या नावे दर्ज असे, आणि माणसे बदलली तरी ती नोंद तशीच पुढे चाले. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात दारूखान्याविषयी सांगितलेली शिस्त आजच्या कुठल्याही शस्त्रागाराला लाजवेल अशी आहे. दारूखाना वस्तीपासून दूर असावा, दारू तळघरात जपून ठेवावी, हवालदाराने दर आठ-पंधरा दिवसांनी जातीने येऊन दारू आणि बाण बाहेर काढून ऊन द्यावे, पुन्हा आत ठेवून मोहोर करावी. मावळातला चार महिन्यांचा पाऊस ज्याने पाहिला आहे त्याला या ऊन देण्याचे महत्त्व वेगळे सांगावे लागत नाही.

एकाची मालमत्ता दुसऱ्याने तिसऱ्यासाठी सांभाळायची, हा न्यासाचा, म्हणजे ट्रस्टचा, गाभा. त्याचे मावळातले सर्वांत ठळक उदाहरण लोहगडावर घडले. नाना फडणवीसांनी आपली संपत्ती ठेवायला हा गड निवडला आणि धोंडो बल्लाळ नित्सुरे यांना तिथे किल्लेदार नेमले. गडावरच्या बावेत शके १७११, म्हणजे इ. स. १७८९ चा शिलालेख आहे. त्यात बांधवून घेणारे नाना आणि ज्यांच्या देखरेखीखाली काम झाले ते धोंडोपंत, अशी दोन्ही नावे आपापल्या जागी कोरलेली आहेत. मालक कोण आणि सांभाळणारा कोण, याबद्दल दगडावर तरी गोंधळ नाही.

१३ मार्च १८०० रोजी नाना वारले. मागे राहिल्या त्यांच्या अल्पवयीन विधवा जिऊबाई. दुसऱ्या बाजीरावाला गड हवा होता. तो पेशव्यांच्या राज्यातलाच, तेव्हा मागणी कागदावर गैर नव्हती. पण धोंडोपंतांनी गड आणि त्यावरचा ऐवज जिऊबाईंच्या वतीने धरून ठेवला. तोफा, दारू, शिबंदी, तिजोरी असे सगळे एका किल्लेदाराच्या हाती होते आणि तो ते स्वतःचे म्हणत नव्हता. अखेर जनरल आर्थर वेलस्ली मध्ये पडला. जिऊबाईंच्या जिवाची हमी आणि सालीना बारा हजार रुपयांचे वर्षासन ठरले, त्या पनवेलला गेल्या आणि गड बाजीरावाकडे आला. धोंडोपंतांना बंडखोर म्हणावे की विश्वासू, हे कोणत्या बाजूने पाहावे त्यावर ठरते. लाभार्थीच्या हिताची तजवीज होईपर्यंत ताबा न सोडणारा विश्वस्त, असे मात्र त्यांच्याबद्दल निश्चित म्हणता येते, आणि तेही हिंदुस्थानात न्यासाचा कायदा होण्याच्या पाऊणशे वर्षे आधी.

हत्यारावरची मालकी सोडून देण्याचे प्रसंगही याच रस्त्यावर घडले. जानेवारी १७७९ मध्ये पुण्यावर चालून आलेली इंग्रज फौज तळेगावला अडली. माघार घेताना तिने जड तोफा तिथल्या तळ्यात लोटल्या, सामान जाळले आणि पुढे वडगावला शरणागतीचा तह केला. नेता येत नाही ते शत्रूला वापरता येऊ नये, एवढाच त्यामागे हिशेब.

१८१८ मध्ये तोच हिशेब उलट दिशेने लागू झाला. इंग्रजांच्या लेफ्टनंट कर्नल प्रॉथरच्या तुकडीने ४ मार्चला विसापूर घेतला आणि दुसऱ्या दिवशी लोहगड लढाईवाचून हाती आला. कोरीगडावरचा मारा चालू असताना दारूच्या कोठाराने पेट घेतला आणि १४ मार्चला गड खाली झाला. कोराईदेवीचे दागिने तेव्हा मुंबईला नेऊन मुंबादेवीला घातले असे सांगतात. विसापूरची तटबंदी आणि दरवाजे पाडण्यात आले. तिथल्या एका तोफेचे वर्णन पुणे जिल्ह्याच्या १८८५ च्या गॅझेटियरमध्ये आहे. तिच्यावर मुकुट आणि ट्यूडर घराण्याचे गुलाबाचे चिन्ह असून दोन्ही बाजूंना राणी एलिझाबेथची आद्याक्षरे आहेत. इंग्लंडमध्ये ओतलेली ही तोफ समुद्रावरून कोणत्या वाटेने सह्याद्रीवर चढली, याचे तर्कच करता येतात. तिला निकामी करण्यासाठी तिचे कान तोडले आहेत. तोफेच्या नळीला दोन्ही अंगांना जे आडवे खुंट असतात ते कान. त्यांवर ती गाड्यात टेकते आणि वर-खाली झुकते. नळी शाबूत असली तरी कान गेले की नेम धरता येत नाही आणि धक्का पेलणारे काही उरत नाही. हत्याराचा बंदोबस्त करायचा तर सगळे हत्यार नष्ट करावे लागत नाही, एखादा भाग हाती असला तरी पुरे, हे त्या हातोडा चालवणाऱ्याला ठाऊक होते.

हीच समज पुढे कायद्याच्या भाषेत उतरली. १८५७ च्या उठावाच्या वर्षी पहिला कडक शस्त्र कायदा झाला, १८६० मध्ये दुसरा, आणि लॉर्ड लिटनच्या कारकिर्दीत १८७८ चा अकरावा कायदा आला. त्यातली शस्त्राची व्याख्या बंदूक-तलवारीवर थांबत नाही. भाले, भाल्यांची पाती, धनुष्यबाण, तोफा, शस्त्रांचे सुटे भाग आणि ती बनवण्याची यंत्रे असे सगळे तिच्या कवेत येते. दारूगोळ्याच्या व्याख्येत तर चकमकीच्या बंदुकीची गारगोटी, दारूवर ठासायची गुडदी आणि चापाखाली उडणारी टोपीसुद्धा आहे. शिसे, गंधक आणि सोरा मात्र वगळले आहेत, कारण ते बाजारात शंभर कामांना लागतात.

परिणाम मावळासारख्या मुलखात खोल गेला. ज्या घरांत हत्यार हा वतनाइतकाच वारशाचा भाग होता तिथे ते आता मॅजिस्ट्रेटच्या मर्जीवर आले. संस्थानिकांना आणि वरच्या थरातल्या मानकऱ्यांना सूट मिळाली, सामान्य घराला नाही. युरोपियनांना असलेली सवलत लोकांना विशेष झोंबली. १८८७ च्या मद्रास अधिवेशनात काँग्रेसने या कायद्याविरुद्ध ठराव केला आणि १९३१ च्या कराची ठरावात नियमांच्या अधीन राहून शस्त्र बाळगण्याचा हक्क मूलभूत हक्कांच्या यादीत घातला. स्वराज्य आल्यावर तो घटनेत काही आला नाही.

परवाना पद्धतीने खरा बदल केला तो नावाचा. गडाच्या नावे, घराच्या नावे, देवाच्या नावे असणारे हत्यार आता एका माणसाच्या नावे लिहिले जाऊ लागले: नाव, बापाचे नाव, वय, राहण्याचे ठिकाण, हत्याराचे वर्णन, नंबर. गावात याला लायसन म्हणतात. माणूस मेला की लायसन मेले आणि घरातली बंदूक त्या क्षणापासून बेकायदा. ती जवळच्या पोलीस ठाण्यात जमा करायची, ही तरतूद १८७८ च्या कायद्यातही होती आणि आजच्याही कायद्यात आहे.

आजचा कायदा म्हणजे १९५९ चा शस्त्र अधिनियम. तो १ ऑक्टोबर १९६२ पासून अंमलात आला. या कायद्याने पूजेच्या पाटावरच्या वस्तू निरनिराळ्या केल्या. केवळ घरगुती किंवा शेतीच्या वापरासाठी बनवलेली वस्तू शस्त्र ठरत नाही, म्हणून कोयता आणि फाळ सुटले. नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्याची हत्यारे वेगळ्या वर्गात गेली. त्यांना परवाना लागतो तो सरकारने अधिसूचित केलेल्या क्षेत्रात. बंदुकीला मात्र सर्वत्र.

सुट्या साधनांबाबत हा कायदा आपल्या पूर्वजापेक्षाही स्पष्ट आहे. अग्निशस्त्राच्या व्याख्येतच, गोळी सुटताना होणारा आवाज किंवा दिसणारा झोत कमी करणारी जोडणी, म्हणजे सायलेन्सर, समाविष्ट आहे. बंदुकीशिवाय नुसता सायलेन्सर कपाटात ठेवला तरी कायद्याच्या नजरेत ते अग्निशस्त्रच. १९६२ च्या नियमांनी त्याला पहिल्या, सर्वांत कडक वर्गात बसवले. बंदुकीचे सुटे भाग त्याच व्याख्येत आहेत. इतकेच काय, तोफ ठेवण्याचा आणि ओढण्याचा गाडाही त्यात मोडतो. दुसऱ्या टोकाला कलम ४५ ची सूट आहे. जुनाट घडणीचे, पुराणवस्तू म्हणून मोलाचे किंवा मोडकळीस आलेले जे हत्यार दुरुस्त करूनही डागता येणार नाही, त्याला हा कायदा लागत नाही. पूरक भागांबरोबर वापरण्याचा हेतू नसेल तर किरकोळ सुट्या भागांनाही लागत नाही. हेतू सिद्ध कसा करायचा, हे ज्याच्या घरात आजोबांच्या बंदुकीचा चाप सापडतो त्याने ठरवायचे.

मावळातल्या शेतकऱ्याचा या कायद्याशी संबंध आला तो मुख्यतः रानडुकरामुळे. आंबेमोहराचे, आणि १९८७ मध्ये वडगावच्या भात संशोधन केंद्रातून आलेल्या इंद्रायणीचे पीक लोंबीला आले की डुकरांचे कळप डोंगरातून उतरतात. पीक संरक्षणासाठी ठासणीची बंदूक हवी असेल तर तिचा परवाना कायद्याने बराच सुलभ ठेवला होता. २० इंचांहून कमी नसलेल्या गुळगुळीत नळीची बंदूक आत्मसंरक्षणासाठी किंवा शिकारीसाठी मागितली तरी तसेच. ठासणीची बंदूक भरणे हे बैठे काम आहे. नळीच्या तोंडातून मापाने दारू ओतायची, वर कागदाची किंवा काथ्याची गुडदी घालून गजाने ठासायची, मग छरे, पुन्हा गुडदी, पुन्हा ठासणे आणि शेवटी मागच्या निपलवर टोपी बसवायची. पावसाळी हवेत टोपी किंवा दारू सादळली की चाप ओढूनही नुसता खटका वाजतो. एक बार उडाल्यावर दुसरा भरेपर्यंत कळप शेजारच्या खाचरात गेलेला असतो. हे हत्यार राज्यकर्त्यांना कमी धोक्याचे वाटले ते याच संथपणामुळे.

शस्त्र कायदा असा वाढत असताना न्यासाचा कायदाही दुसऱ्या बाजूने वाढत होता. खासगी न्यासांसाठीचा भारतीय न्यास अधिनियम १८८२ चा, पण मुंबई इलाख्याला तो सुरुवातीला लागू नव्हता. पुढे लागू केला गेला. एकत्र कुटुंबातले आपापसांतले हक्क आणि धार्मिक देणग्या त्याने आपल्या कक्षेबाहेर ठेवल्या. सार्वजनिक न्यासांसाठी १९५० चा मुंबई सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियम आला, तोच आता महाराष्ट्राच्या नावाने ओळखला जातो. देवस्थानांची स्थावर-जंगम मालमत्ता धर्मादाय आयुक्तांच्या नोंदवहीत चढली. देव ही कायद्याने व्यक्ती आहे आणि देवाच्या नावे हत्यारही असू शकते. पुणे जिल्ह्यातच जेजुरीला खंडोबाचा सुमारे ४२ किलो वजनाचा खंडा आहे. तो पानसे सरदारांनी अर्पण केला, आणि पानसे हे पेशव्यांच्या तोफखान्याचे प्रमुख. दसऱ्याच्या उत्सवात तो एका हाताने तोलून धरण्याची स्पर्धा लागते. खंडा उचलणारे दरसाल बदलतात, मालक बदलत नाही.

मग बंदूक किंवा तिची नियंत्रित साधने न्यासाच्या नावे का करत नाहीत, हा प्रश्न स्वाभाविक आहे, कारण अमेरिकेत तसे सर्रास चालते. तिथल्या १९३४ च्या राष्ट्रीय अग्निशस्त्र कायद्याने मशीनगन, आखूड नळीच्या बंदुका आणि सायलेन्सर यांच्या प्रत्येक हस्तांतरावर दोनशे डॉलर कर बसवला. सायलेन्सरच्या त्या वेळच्या किमतीच्या तो कित्येक पट होता. व्यक्तीला अर्जावर स्थानिक पोलीसप्रमुखाची सही लागे, न्यासाला ती लागत नसे. शिवाय एका न्यासाचे चार विश्वस्त असतील तर ती वस्तू चौघांनाही कायदेशीरपणे हाताळता येई आणि एकजण वारला तरी मालकी न्यासातच राही. वकिलांनी यावर मोठा व्यवसाय उभा केला. जुलै २०१६ पासून न्यासातल्या प्रत्येक जबाबदार व्यक्तीला छायाचित्र आणि बोटांचे ठसे देणे सक्तीचे झाले, व्यक्तीच्या अर्जावरची पोलीसप्रमुखाची सही त्याच वेळी रद्द झाली, आणि २०२६ च्या आरंभापासून सायलेन्सरवरचा कर शून्यावर आला. तरी सामाईक ताबा आणि वारसा या दोन सोयींसाठी न्यास टिकून आहेत.

भारतात ही वाट दोन ठिकाणी अडते. न्यासाची मालमत्ता लाभार्थीला हस्तांतर करता येण्याजोगी असली पाहिजे, असे १८८२ च्या कायद्याचे कलम ८ सांगते. बंदूक तर परवाना असलेल्यालाच देता येते, म्हणजे प्रत्येक लाभार्थीने स्वतंत्र परवाना काढायचा. मग न्यासाने काय साधले? सायलेन्सरच्या बाबतीत ही चर्चादेखील संभवत नाही, कारण सामान्य नागरिकाला त्याचा परवानाच मिळत नाही आणि जे मुळात बाळगता येत नाही त्याचा न्यास करून ते बाळगता येत नाही. संस्थेकडे हत्यार असणे अशक्य मात्र नाही. बँकेच्या दारावरची बारा बोअर बंदूक, रायफल क्लबमधल्या पॉइंट टू टू रायफली, परवान्यावर रिटेनर म्हणून नोंदलेला रखवालदार ही सगळी दुसऱ्याच्या वतीने हत्यार हाताळण्याचीच मान्य रूपे आहेत. सरकारचे स्वतःचे हत्यार तर कायद्याबाहेरच आहे. १९४५ पासून लोणावळ्यात असलेल्या नौदलाच्या आयएनएस शिवाजीला लायसन काढावे लागत नाही.

घराण्याच्या मालकीची जुनी कल्पना ज्या एका प्रदेशात कायद्याने मानली, तो म्हणजे कर्नाटकातला कोडगू. तिथले कोडव आणि जम्मा जमिनीचे धारक यांना इंग्रजांच्या काळापासून परवान्यातून सूट आहे आणि स्वतंत्र भारतातही ती चालू राहिली. हत्याराचा हक्क तिथे जमीन आणि कुळाशी बांधलेला आहे. मावळच्या देशमुखांचे वतन तसेच होते, पण त्यांच्या वाट्याला अशी सूट आली नाही.

मावळातल्या घरात आज बंदूक पुढच्या पिढीकडे जाते ती २०१६ च्या शस्त्र नियमांनुसार. परवानाधारक वारल्यावर, किंवा हयातीत तो सत्तर वर्षांचा झाला अथवा हत्यार त्याच्याकडे पंचवीस वर्षे राहिले, की वारसाला अर्ज करता येतो. बाकीच्या वारसांची हरकत नाही असे लिहून द्यावे लागते, आणि भावकीत जमिनीचा वाद असेल तर बंदुकीची फाइल तिथेच अडकते. २०१९ च्या दुरुस्तीने एका माणसाकडच्या अग्निशस्त्रांची मर्यादा तिनावरून दोनवर आणली. वारशाने आलेल्या हत्यारांनाही ती लागू आहे, त्यामुळे तिसरे पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करावे लागते. अर्ज कुठे द्यायचा हेही गावावर अवलंबून आहे. १५ ऑगस्ट २०१८ ला पिंपरी-चिंचवड पोलीस आयुक्तालय झाले आणि तळेगाव त्यात गेले. वडगाव, कामशेत आणि लोणावळा पुणे ग्रामीणमध्ये राहिले. त्यामुळे तळेगावच्या भावाचा परवाना आयुक्त देतात आणि कामशेतच्या भावाचा जिल्हाधिकारी.

गडांवरच्या तोफांचा प्रश्न याहून सोपा आहे. लोहगड आणि विसापूर भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडे आहेत. जुलै २०२५ मध्ये मराठा लष्करी स्थापत्याच्या बारा दुर्गांत लोहगड जागतिक वारसा यादीत गेला. महाराष्ट्रातल्या काही गडांवर दुर्गसंवर्धन करणाऱ्या मंडळींनी उघड्यावर पडलेल्या तोफांसाठी सागवानी गाडे करून बसवले आहेत. व्याख्येत गाडा असला तरी वरची नळी शोभेचीच, म्हणून त्याला कोणी हरकत घेत नाही. विसापूरच्या त्या तोफेला मात्र गाडा करूनही उपयोग नाही. तिला टेकायला कान नाहीत.